तीन नंबरची नळी

नळीबाई सकाळी येणार म्हटल्यावर सगळं घर पेट्रोल पंपावर गोळा झालं, आणि थोरलीला नेमकं तेच नको होतं. जमिनीखालच्या पाण्याचा नमुना घ्यायला एक बाई, एक छोटा पंप आणि चार काचेच्या बाटल्या पुरतात. त्याला बघे लागत नाहीत. पण तिचा धाकटा भाऊ बायकोला घेऊन आला होता, बायको घरून बसायला खुर्च्या घेऊन आली होती, आणि दोघांचे वडील अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसच्या दारात असे उभे होते की नमुना त्यांचाच काढायचा आहे.

नळीबाई हे नाव अण्णांनीच ठेवलेलं. बाई शिकलेली, भूजल तपासणाऱ्या खात्याची इंजिनिअर. पण ती पहिल्यांदा आली तेव्हा तिने पंपाच्या आवारात, मागच्या उतारावर आणि थेट उताराखाली राहणाऱ्या काकूंच्या परसात जमिनीत भोकं पाडून पांढऱ्या नळ्या खुपसल्या, प्रत्येक नळीला टोपण आणि टोपणाला कुलूप लावलं, आणि सांगितलं की आता दर तीन महिन्यांनी मी येऊन खालचं पाणी बघणार. अण्णा त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, “त्या नळीबाईनं आपल्या जमिनीची चाळण केली.” तेव्हापासून तिचं तेच नाव पडलं. तिलाही ते कळलं होतं आणि तिने ते चालवून घेतलं होतं.

आजचा नमुना शेवटचा, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. वर्षभर नळ्यांचं पाणी लागोपाठ स्वच्छ निघालं तर प्रकरण बंद आणि काकूंच्या विहिरीचं सील काढायचं, असा नियम. आजवरचे निकाल चांगले होते. त्यातही काकूंच्या विहिरीला खेटून असलेली तीन नंबरची नळी, जिने सुरुवातीला सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते, तीच आता सगळ्यांत शहाण्यासारखी वागत होती.

आणि काकूंनी शब्द दिला होता. विहीर उघडली तर ह्या घरातून हलणार नाही. नाही उघडली तर मुलीकडे जाईन, मग घराचं काय करायचं ते करा. हा शब्द त्यांनी थोरलीला दिला होता, धाकट्याला नाही. पण धाकट्याने तो बरोबर उचलला. त्याच्याकडे गोदाम बांधणारं एक गिऱ्हाईक तयार होतं, त्याला पंप आणि काकूंचं घर दोन्ही मिळून हवं होतं, एकेकटं नको. धाकटा वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं मिटवायची घाई होती, आणि मिटवणं म्हणजे विकणं यापलीकडे त्याला काही सुचत नसे.

“ताई, आज चांगलं निघालं तरी विचार करायला हरकत नाही,” तो म्हणाला.

“काकू विचार करतील. तू खुर्चीत बस.”

थोरलीला काकू जायला नको होत्या. कारण तिला सांगता आलं असतं, पण कुणी विचारत नव्हतं. काकू जातील तेव्हा त्या अण्णांशी न बोलता जातील, आणि मग अण्णा उरलेलं आयुष्य त्या उताराकडे तोंड करून बसतील, आणि ते बघायला पंपावर राहणार कोण, तर थोरली.

टाकी फुटली असं बाहेरचे म्हणत, पण टाकी फुटली नव्हती. तिला भोक पडलं होतं, शर्टाच्या बटणाएवढं, आणि तेही बरोबर डिपच्या तोंडाखाली. जमिनीतल्या टाकीत किती पेट्रोल उरलंय हे बघायला वरच्या नळीतून पितळेची लांब काठी तळापर्यंत सोडायची, वर काढायची, आणि ओली खूण कुठवर आली ते वाचायचं, याला डिप म्हणतात. सगळेच पंपवाले ती घ्यायचे. अण्णांची मात्र एक तऱ्हा होती. शेवटची वीतभर काठी ते हातातून सोडून द्यायचे, म्हणजे तळाशी टण् असा आवाज यायचा. आवाज आल्याशिवाय माप खरं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी हे आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे काकांना, शिकवलं, थोरलीला शिकवलं, पंपावरच्या प्रत्येक माणसाला शिकवलं. सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, त्याच एका जागी टण्. एवढ्या डोळ्यांत तेल घालून माप घेणारं कुटुंब त्या रस्त्यावर दुसरं नव्हतं, आणि त्या मापानेच टाकीचा तळ खाल्ला.

पेट्रोल थोडं थोडं कमी भरायला लागलं तेव्हा अण्णांनी आधी उन्हाला दोष दिला, मग टँकरवाल्याशी भांडण काढलं, आणि शेवटी त्यांची नजर संध्याकाळच्या पाळीला असणाऱ्या भावावर गेली. चोर असा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांनी एवढंच केलं, की एक दिवस ऑफिसला नवीन कुलूप लावलं आणि त्याची किल्ली भावाला दिली नाही. काका त्या संध्याकाळी उतार उतरून घरी गेले ते परत पंपावर चढले नाहीत. घरातच बसले आणि काही वर्षांनी गेले. त्यानंतर काकूंच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. टाकी उकरली, भोक सापडलं, विहिरीला सील लागलं. काकूंनी त्या दिवसापासून अण्णांशी बोलणं सोडलं. तसं त्यांचं फार बोलणं पूर्वीही नव्हतं, पण पूर्वी ते रीत म्हणून नव्हतं आणि आता ठरवून नव्हतं.

मग काय काय झालं नाही. डंपर भरभरून माती उचलून नेली. जमिनीतली पेट्रोलची वाफ ओढून घेणारी मोटर बसवली, ती दिवसरात्र घुमायची आणि धाकट्याची बायको इथे आली की तिचं डोकं दुखायचं. खालचं पाणी उपसून कोळशाच्या पिंपांतून गाळलं. दोन भिंतींची नवी टाकी आली, तिचं माप आता ऑफिसातल्या पडद्यावर आपोआप दिसतं आणि अण्णा त्या पडद्यावर विश्वास ठेवत नाहीत. काकूंच्या घराला नळ नव्हता, तेव्हा पंपावरच्या नळाचं पाणी कॅनमध्ये भरून माणसाकरवी त्यांच्याकडे जायला लागलं. सगळं झालं, फक्त दोन माणसं एकमेकांशी दोन शब्द बोलली नाहीत.

नळीबाईने एक आणि दोन नंबर उरकले आणि सगळी वरात उतार उतरून काकूंच्या परसात आली. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत, पण खिडकी उघडीच होती.

नमुना लगेच घेत नाहीत. नळीत साचलेलं पाणी शिळं असतं, ते आधी उपसून टाकायचं आणि मागून येणारं ताजं भरायचं. नळीबाईने बारीक पाइप आत सोडला, पंप चालू केला आणि बादलीत एक यंत्र बुडवलं. खात्याने ह्या खेपेला नवंच दिलेलं हे यंत्र पाण्यातला खारटपणा दाखवायचं; आजवर ती ठरावीक बादल्या मोजून थांबायची. ह्या भागातलं जमिनीतलं पाणी जड, क्षाराचं; एक आणि दोन नंबरला आकडा तसाच चढा आला होता. इथे तो फारच खाली होता. नळीबाईने यंत्र झटकलं, पुन्हा बुडवलं. मग उतार चढून पंपावर गेली, नळाखाली बाटली धरली, तिच्यात यंत्र घातलं आणि परत आली.

“ताई, ह्या नळीचं कुलूप कोण उघडतं?”

“तुम्ही. किल्ल्या दोनच आहेत, एक तुमच्याकडे आणि एक माझ्या ऑफिसात खिळ्याला.”

“ह्या नळीत तुमच्या पंपावरच्या नळाचं पाणी आहे,” नळीबाई म्हणाली. “थोडं नाही. नुसतं तेच आहे.”

धाकटा खुर्चीतून उठला. खुर्ची कुणी उतारावरून खाली आणली होती देव जाणे. त्याने थोरलीकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “खिळा तुझा, किल्ली तुझी. ताई, तू एवढी खाली जाशील असं वाटलं नव्हतं.”

थोरलीला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचं डोकं सणकलं. पेट्रोलचा वास असलेली माती स्वतः उभी राहून उचलायला लावणारी ती, खात्याच्या चकरा मारणारी ती, काकूंच्या कॅनमध्ये पाणी गेलं की नाही हे रोज विचारणारी ती, आणि आज आरोपीही तीच. तिने धाकट्याला सांगितलं की ह्या सगळ्या काळात तू इथे किती वेळा आलास ते बोटांवर मोज, एक हात पुरेल. धाकट्याने आवाज चढवला. त्याची बायको मध्ये पडली आणि नेमकी नवऱ्याच्या विरुद्ध पडली; म्हणाली की ताई असलं करणार नाहीत, आणि केलंच तर इतकं बावळटासारखं करणार नाहीत. थोरलीला आधार वाटावा की राग यावा ते ठरेना.

ह्या गदारोळात नळीबाईचा पंप चालूच होता. बादली भरली, तिने ती पिंपात ओतली, पुन्हा लावली. यंत्रावरचा आकडा हळूहळू चढायला लागला. शिळं, घातलेलं पाणी संपत होतं आणि मागचं खरं पाणी येत होतं. मग वास आला. आधी नळीबाईला आला, ती जवळ होती म्हणून. मग सगळ्यांना आला. पेट्रोलचा वास थोरलीच्या अंगवळणी पडलेला, कपड्यांतसुद्धा तिला तो जाणवत नसे. पण ह्या परसात, ह्या नळीतून आलेला तिला लगेच कळला. ती तिथल्या दगडावर बसली.

भांडण आपोआप थांबलं.

“मी ओततो,” अण्णा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. इस्त्रीच्या शर्टात अण्णा ताठ उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हता, उलट इतका वेळ आपल्याला कुणी का विचारलं नाही याचंच नवल होतं.

“रोज सकाळी. झारी घेऊन येतो.”

थोरलीच्या डोक्यात उजेड पडला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. झारी! मागच्या झाडांना पाणी घालतो असं अण्णांनी सांगितलं होतं. म्हाताऱ्याला विरंगुळा मिळाला म्हणून ती खूश झाली होती, मोठी नवी झारीसुद्धा आणून दिली होती. रोज भरलेली झारी उतार उतरताना तिने ऑफिसच्या खिडकीतून बघितली होती. आणि मागची झाडं वाळून काटक्या झाली होती, तेही बघितलं होतं.

“अण्णा, का?” ती म्हणाली. 

अण्णांनी शांतपणे समजावलं. स्वच्छ पाणी वरून घातलं की खालची घाण पातळ होते आणि पुढे सरकते. घाणेरडी टाकी आपण धुतो की नाही? तसंच. आणि निकाल सुधारलेच ना?

“पुढे म्हणजे कुठे?” नळीबाईने विचारलं.

अण्णांनी उताराच्या दिशेने बघितलं. पुढे काकूंची विहीर होती. 

नळीबाई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पंप बंद केला आणि म्हणाली, “अण्णा, ही नळी औषध द्यायची जागा नाही. ही फक्त ताप बघायची जागा आहे. ताप उतरावा म्हणून तुम्ही थर्मामीटर रोज गार पाण्यात बुडवलात.” मग ती थोरलीकडे वळली आणि पुढचं सगळं तिला सांगितलं. तीन नंबरचे आजवरचे निकाल रद्द. वाफ ओढणारी मोटर पुन्हा चालू करावी लागेल, आता ह्या बाजूने. नळीला नवं कुलूप लागेल आणि दुसरी किल्ली मिळणार नाही. वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. घाण वाढलेली नाही, सुरुवातीपेक्षा वास पुष्कळ कमी आहे, इतकं मात्र ती आपणहून म्हणाली. ते ऐकायला कुणाचे कान ठिकाणावर नव्हते.

धाकट्याने सुस्कारा सोडला. तो आनंदाचा नव्हता, पण दुःखाचाही म्हणता आला नसता. तो खिडकीजवळ गेला आणि मऊ आवाजात म्हणाला, “काकू, आता आणखी एक वर्ष कॅनच्या पाण्यावर काढायचं? तुम्ही म्हणाला होतात. विहीर नाही तर मुलीकडे.”

खिडकीत कुणी नव्हतं. मागचं दार उघडलं आणि काकू पायरीवर आल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले. त्यांनी धाकट्याकडे बघितलं नाही, थोरलीकडेही नाही.

“मी बघत होते,” त्या म्हणाल्या. “रोज. चुलीपाशी उभं राहिलं की नळी समोरच दिसते.”

थोरली उसळून उठली. “मग सांगितलं का नाहीत? एक शब्द, काकू. माणूस रोज कॅन घेऊन येत होता, त्याच्याकडे निरोप दिला असतात तरी चाललं असतं.”

“त्यानं बिघडतं हे मला काय ठाऊक?” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, तोंडानं बोलवत नाही म्हणून ओततायत.”

थोरली पुन्हा दगडावर बसली.  अण्णा पुढे झाले. इतक्या वर्षांत त्या पायरीच्या इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. त्यांचा ताठा कुठे गेला ते कळलं नाही. शर्ट तेवढा कडक उरला होता.

“त्यानं काही नेलं नव्हतं,” ते म्हणाले. “माझ्या काठीनं गेलं ते. तो निर्दोष होता.”

“मला माहीत आहे,” काकू म्हणाल्या. “मला माहीतच होतं. हे त्यांना ऐकायला मिळायला हवं होतं.”

अण्णांनी मान हलवली. ते रडले नाहीत, पण खाली बघत तसेच उभे राहिले, आणि त्यांना तिथून हलवायचं कसं ते कुणालाच सुचेना. धाकट्याच्या बायकोने एक खुर्ची उचलून त्यांच्या मागे ठेवली. त्या दिवशी त्या खुर्च्यांचा झालेला उपयोग तेवढाच.

धाकट्याने मात्र धीर सोडला नाही. गिऱ्हाईक थांबणार नाही, असं तो म्हणाला. थोरलीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं, पण उत्तर काकूंनी दिलं.

“जाऊ दे तुझं गिऱ्हाईक. वर्षभर मी इथेच आहे. पाणी स्वच्छ झालेलं मला बघायचंय, दुसऱ्या कुणाच्या गोदामाखाली नाही, माझ्या विहिरीत.” मग त्या अण्णांना म्हणाल्या, “रोज भरली झारी माझ्या दारावरून नेत होतात, भाऊजी. आणि मी कॅनवाल्याची वाट बघत बसायची. एक दिवस तरी आत आणून ओतली असती.”

दुपारी नळीबाई नवं कुलूप लावून गेली. जाताना तिने थोरलीला बजावलं की म्हाताऱ्यावर लक्ष ठेवा. थोरली म्हणाली, मी इतकी वर्षं दुसरं करतेय काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली ऑफिसात आली तेव्हा अण्णा नळाखाली झारी भरत होते.  झारी भरली, अण्णा उतार उतरायला लागले. थोरली खिडकीपाशी गेली. अण्णा तीन नंबरच्या नळीपाशी पोचले आणि थांबले. थोरली चपला न घालताच दाराबाहेर पडली, हाक तिच्या ओठांवर आली होती. अण्णांनी कुलपाकडे एकदा बघितलं, झारी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि ते पुढे गेले.

मागचं दार उघडं होतं. आत पत्र्याच्या पिंपात पाणी पडल्याचा आवाज आला. थोरली उतारावर अनवाणी उभी राहिली. झारी रिकामी झाली. मग आतून एक आवाज आला, जो तिने लहानपणापासून ऐकला होता आणि टाकी उकरल्यापासून ऐकला नव्हता.

टण्.

पिंपात किती पाणी झालं ते अण्णा बघत होते. काठी कुठून मिळवली होती कोण जाणे.

“भाऊजी,” काकूंचा आवाज आला, “पिंप तरी शाबूत ठेवा.”

थोरली तिथेच थांबली. आत दुसऱ्यांदा टण् झालं नाही.